हळू बोललेलं

पुणे, ५ जानेवारी २०२५

आदरणीय मोठेबाबा,
सविनय जय भीम.

काल संध्याकाळी पोचले. चिखलीला गाडी बदलताना तुरीच्या शेंगांची पिशवी सीटखाली राहिली होती, कंडक्टरनं हाक मारून दिली. हे लिहिलं नसतं तरी चाललं असतं, पण ‘पिशवी पोचली का’ असं तुम्ही विचारणारच.

मोठीमायकडे ठेवलेल्या जुन्या मोबाईलबद्दल नीट लिहिते, निघताना घाई झाली. त्यात सिम नाही, म्हणून त्यावरून कुणाला फोन लागणार नाही. लाल बटण दाबलं की तो ऐकायला लागतो, पुन्हा दाबलं की थांबतो. मोठीमायनं रोज अर्धा तास त्याच्याशी काहीही बोलायचं. जवळ कुणी नको, म्हणजे दुसरा आवाज मिसळत नाही. संध्याकाळी शेजारची सारिकावहिनी आपलं नेट जोडून त्या फायली मला पाठवेल.

तुमचे कान गेले त्याला तीन वर्षं झाली आणि मोठीमायला लिहिता येत नाही. एका घरात तुम्ही दोघं खुणांवर राहता. एम.टेक.चा प्रकल्प निवडताना माझ्या डोळ्यांपुढे तेच होतं. बोललेलं ऐकून पडद्यावर लिहिणारे प्रोग्रॅम आहेत, पण ते पुण्याची मराठी शिकलेले. मोठीमाय ‘मले भूक नाई’ म्हणाली, तर ते ‘मळे भूकंप’ लिहितात. माझा प्रोग्रॅम तिच्याच बोलण्यावर शिकेल. जूनमध्ये परिक्षा आहे, त्याआधी तो मोबाईल तुमच्या हातात द्यायचा. ती बोलेल आणि तुम्ही वाचाल.

परवानगीच्या कागदावर तिचा अंगठा घेतला. आवाज फक्त प्रोग्रॅमला शिकवायला वापरीन, इतर कुणाला ऐकवणार नाही, असं त्यावर लिहिलं आहे. नात्याच्या रकान्यात ‘वडिलांच्या थोरल्या भावाची पत्नी’ असं लिहिलं. आई-बाबा सुरतला मिलमध्ये असताना जिनं मला वाढवलं तिला एवढं लांबलचक नाव. खोडावं वाटलं, पण सरकारी कागदावर खाडाखोड चालत नाही.

काळजी संगणकाची आहे. मला मिळालेल्या संगणकाची मेमरी कमी आहे आणि शिकवण्यासाठी लागणारे आकडे त्यात मावत नाहीत. काहीतरी करीन.

तुमची,
समता


धाड, १४ जानेवारी २०२५

चि. समतास,
जय भीम.

‘परीक्षा’. री दीर्घ. तिसरीपर्यंत तुला घरी ओसरीवर बसवून शिकवलं ते यासाठी नाही.

तुझी मोठीमाय तुझं काम मनावर घेऊन राहिली आहे. भिंतीतल्या दिवळीत मोबाईल ठेवते, समोर पाट घेते, पदर नीट करते आणि सुरू. मी ओसरीवर पेपर वाचत असतो. आत पाहिलं तर तिची पाठ दिसते आणि हात हलताना दिसतात. त्रेचाळीस वर्षांच्या संसारात माझ्याशी बोलली नसेल एवढं त्या डबड्याशी बोलते. परवा खुणेनं विचारलं, काय सांगतेस एवढं? तिनं हातानंच मला हाकललं. सारिका हसायला लागली. ती पाटीवर लिहून दाखवते म्हणून कळलं, मोठीमाय म्हणाली होती, “गुरुजीले काऊन सांगू, परीक्षा माही हाय!”

तुझं पत्र मी मोठ्यानं वाचून दाखवलं. मला माझा आवाज कळत नाही, पण समोरच्या दारातून शालिग्राम डोकावला, म्हणजे बराच मोठा असावा. वाचून झाल्यावर तिनं कागद हातात घेऊन उलटसुलट पाहिला. आणखी काही आहे का असं खुणेनं विचारलं. नाही म्हटलं. माझ्या मते तिला वाटत असेल की तू तिच्या आवाजाची तारीफ लिहिशील. एखादी ओळ लिही.

आता गणिताकडे. आकडे मावत नाहीत म्हणजे काय? आकडे फार आहेत की एकेक आकडा लांब आहे? मुद्देसूद लिही.

इकडे सर्व ठीक. हरभरा बरा आहे. मोठीमायचं जेवण कमी झालं आहे, थंडीनं असेल.

इंद्रभान


पुणे, २६ जानेवारी २०२५

आदरणीय मोठेबाबा,
सविनय जय भीम.

‘परीक्षा’ वहीत दहा वेळा लिहिलं.

आकडे फारही आहेत आणि लांबही. माझ्या प्रोग्रॅममध्ये सुमारे चोवीस कोटी आकडे आहेत. तो एक वाक्य ऐकतो, चुकीचं लिहितो, मग प्रत्येक आकडा चुकीच्या मानानं किंचित बदलायचा, की पुढच्या वेळी चूक थोडी कमी होते. हे लाखो वेळा करायचं. प्रत्येक आकड्याबरोबर आणखी तीन सांभाळावे लागतात: आताची चूक किती, मागच्या चुकांची सरासरी, आणि त्या चुकांच्या वर्गांची सरासरी. हे सगळे लांब, सात-आठ अंकी. म्हणून मी ते आखूड लिहिते आहे. समजा, तीनच अंक मावतील अशी चौकट. ३.१४१५९२ च्या जागी ३.१४. मेमरी निम्मी लागते आणि संगणक चालतो.

पण अडचण अशी. आकडा आहे १.०० आणि त्यात ०.००१ मिळवायचे आहेत. बेरीज १.००१. चौकटीत तीनच अंक, म्हणून पुन्हा १.००. हजार वेळा मिळवलं तरी १.००. मोठे बदल टिकतात, बारीक बदल दर वेळी शून्य होतात. म्हणून प्रोग्रॅम नेहमीचे, ठसठशीत शब्द शिकला आणि पुढे शिकतच नाही. शंभरातले एक्केचाळीस शब्द चुकतात. दोन आठवडे झाले, तिथंच अडकले आहे. घास उतरत नाही.

मोठीमायच्या तीनशेच्या वर फायली आल्या. सगळ्या ऐकायला वेळ नाही, म्हणून एक नियम केला. ठरावीक पातळीपेक्षा आवाज हळू असेल ती फाईल संगणक आपोआप बाजूला ठेवतो. तशा आतापर्यंत एकवीस निघाल्या. त्या मी ऐकल्या नाहीत. वेळ मिळेल तेव्हा बघीन. तेवढं मोठीमायला सांगा की आवाज उत्तम आहे, पण मोठ्यानं बोल. हळू बोललेलं मशीनच्या उपयोगाचं नाही.

तिला स्वेटर घालायला सांगा.

समता


धाड, ६ फेब्रुवारी २०२५

चि. समतास,
जय भीम.

पत्र शनिवारी आलं. मोठीमाय दारातच उभी होती, पोस्टमनच्या हातातून तिनंच घेतलं. मी वाचून दाखवलं. ‘हळू बोललेलं मशीनच्या उपयोगाचं नाही’ इथं तिनं मला थांबवलं आणि पुन्हा वाचायला लावलं. पुन्हा वाचलं. बराच वेळ माझ्याकडे पाहत राहिली. मग मान हलवली आणि आत गेली. तारीफ केलीस तरी रुसली, असा हा स्वभाव.

दुसऱ्या दिवसापासून मात्र खणखणीत बोलते. सारिका सांगते, भरताच्या वांग्याची आणि कळण्याच्या भाकरीची कृती सगळ्या आळीला पाठ झाली आहे. तिचा सासरा नारायणराव म्हणतो, “मास्तरीनबाईनं रेडिओ लावला का बे?”

तुझी अडचण तीन दिवस डोक्यात होती. मग वाटलं, यात अवघड काय आहे? बेरीज शिकवताना मी तुला काय सांगायचो? सात आणि आठ पंधरा, पाच लिही आणि एक हातचा. हातचा विसरलीस की पट्टी. तुझा संगणक हातचा टाकून देतो आहे. चौकटीत मावत नाही ते ०.००१ फेकू नकोस. शेजारी लहान चौकट करून त्यात ठेव. पुढच्या वेळचा त्यात मिळव. साठत साठत ०.०१ झाला की मोठ्या चौकटीत घाल. थोडी जागा जाईल, पण पूर्वीइतकी नाही. माझं चुकत असेल तर तसं लिही, म्हाताऱ्याचा मान ठेवू नको.

मोठीमाय या वेळी बाजाराला आली नाही. भाकरी करताना मध्येच उठून बाजेवर जाऊन बसते, कंबरेला हात लावून. साठी उलटली, चालायचंच. मी वाताचं तेल आणून दिलं आहे.

इंद्रभान


पुणे, २१ फेब्रुवारी २०२५

आदरणीय मोठेबाबा,

जय भीम, जय भीम, जय भीम! तुमचा हातचा लागू पडला.

प्रत्येक आकड्याला हातच्याची लहान चौकट दिली. पूर्वी सोळा जागा लागत तिथं आता दहा लागतात, म्हणजे संगणकात मावतं आणि बारीक बदल हरवत नाहीत. शंभरात एक्केचाळीस चुका होत्या, त्या एकोणीसवर आल्या. सर म्हणाले, ही पद्धत जुनी आहे, लोकांनी आधी वापरली आहे. मी म्हटलं, असेल, पण मला ती धाडहून पोस्टानं आली. सर हसले. मी यापूर्वी सरांपुढे असं कधी बोलले नव्हते.

काल मोठीमायची नवी फाईल दिली, तर पडद्यावर उमटलं, ‘वांगं भाजाचं त चुलीवरच भाजाचं, गॅसवर भाजलं त ते वांगं नाई.’ एकही चूक नाही. मोठेबाबा, ती जे बोलते तेच तुम्ही वाचाल, मी सुधारलेलं नाही.

आता तो हळू बोललेलंही ओळखतो का ते पाहायचं आहे. बाजूला ठेवलेल्या फायली आता सत्तावीस झाल्या आहेत, त्या उद्या त्याला देते. होळीच्या सुटीत मोबाईल घेऊन घरी येते. मोठीमायला अजून सांगू नका.

समता


धाड, १२ मार्च २०२५

चि. समता,

तुला इथून जाऊन आठ दिवस झाले. मोठीमाय गेल्यावर पुण्यानुमोदनाच्या दिवशी आपलं बोलणं झालं नाही. माणसं पाटीवर काहीबाही लिहून दाखवत होती, मी मान हलवत होतो.

घरात फरक पडायला नको होता. तीन वर्षांपासून मला तसंही काही ऐकू येत नव्हतं. पण पडतो.

बुलढाण्याच्या डॉक्टरांचा कागद मी पुन्हा वाचला. रक्तस्राव चार महिन्यांपासून, असं त्यात आहे. हे त्यांना कुणी सांगितलं? तिनंच सांगितलं असणार. मी तिच्यासोबत होतो, तिचे ओठ हलले होते. चार महिने मी त्याच घरात होतो आणि वाताचं तेल आणून देत होतो. सारिकाला विचारलं, तिला माहीत नव्हतं. आळीतल्या आशाबाईला विचारलं, तिलाही नाही. बाईमाणूस कुणाला तरी सांगतंच.

दिवळीतल्या त्या मोबाईलवर ती रोज बोलायची. तुझा प्रोग्रॅम आता बरोबर लिहितो, असं तूच कळवलं होतंस. तर सगळ्या फायली त्याच्याकडून लिहून घे आणि कागद मला पाठव. वांग्याचं असेल तर वांग्याचं. मला वाचायचं आहे.

आणखी एक विचारतो. तुला माहीत होतं का?

इंद्रभान


पुणे, २१ मार्च २०२५

मोठेबाबा,

हे पत्र चार वेळा फाडलं. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी लिहिते. माहीत नव्हतं, पण माझ्याजवळ होतं. ११ जानेवारीपासून २२ फेब्रुवारीपर्यंत, बेचाळीस दिवस.

हळू आवाजाच्या सत्तावीस फायली २२ फेब्रुवारीला सकाळी प्रोग्रॅमला दिल्या. पहिलीच ओळ त्यानं लिहिली आणि मला वाटलं त्याची चूक आहे. मग कानाला लावून ऐकलं. लगेच सारिकावहिनीला फोन केला. ती जीपमध्ये होती. म्हणाली, “माय रस्त्यातच हाय, सकाळी लई गेलं अंगावरून, बुलढाण्याले नेऊन राह्यलो.” तुम्ही त्याच जीपमध्ये होता. मी पोचले तोवर ती बोलत नव्हती.

पुण्यानुमोदनाला पाच दिवस तुमच्यासमोर होते. पाटी होती, खडू होता. मी लिहिलं नाही. माणसं आहेत म्हणून, असं स्वतःला सांगत राहिले. शेवटच्या दिवशी माणसं नव्हती.

कागदावर मी लिहून दिलं आहे की तिचा आवाज इतर कुणाला ऐकवणार नाही. आणि ती स्वतः तुम्हाला सांगू नको म्हणाली आहे. मी दोन्ही मोडते आहे. हे प्रोग्रॅमनं लिहिलेलं नाही, मी ऐकून हातानं उतरवलं आहे. त्याच्या आणखी एकोणीस चुका यात नकोत.

११ जानेवारी. “समे, आयकून राह्यली का वं? तुले एक सांगाचं हाय, मनून हळू बोलून राह्यली. सोयाबीन निंगाल्यापासून माह्या अंगावरून लाल जाते. या वयात. कंबर उलीशी दुखते. गुरुजीले सांगाले गेलं त वरडा लागते, आन वरडलं त साऱ्या आळीले आयकू जाते. हे काय वरडून सांगाचं दुखणं हाय? सारिकाच्या फोनवर बोलाव त तिचा सासरा बसेल रायते. तू शिकेल हायस, तिकडं डॉक्टरीनबाईले इचार. गुरुजीले नोको सांगू, ते घाबरतीन. चिठ्ठीत लिहाचं असंन त असं लिही का त्याइले समजनार नाई, मले समजंन.”

१९ जानेवारी. “चिठ्ठीत काई नोतं वं माह्यासाठी. इचारलं नसंन अजून. असू दे, तुले अभ्यास हाय.”

मधल्या चोवीस फायलींत असंच आहे, थोडं थोडं. कधी नुसतं ‘आज जास्त गेलं’. एका ठिकाणी ती तुमच्याबद्दल बोलली आहे. “गुरुजी पेपर वाचून राह्यले. चष्मा नाकावर आला. किती चांगले दिसतेत.” हे सांगताना ती हसते आहे.

१ फेब्रुवारी. “समजलं वं समे. तुह्या मशीनले मोठ्यानं लागते. हे मोठ्यानं नाई सांगता येत. राह्यलं मंग. उद्यापासून वांग्याचं सांगू का?”

यानंतर हळू फाईल नाही.

तिनं त्या मोबाईलला मशीन समजलंच नव्हतं. पलीकडे मी बसले आहे आणि रोज ऐकते आहे, असं तिला वाटत होतं. मी तसं सांगितलंही नव्हतं आणि तसं नाही असंही सांगितलं नव्हतं. प्रोग्रॅममध्ये बारीक आकडे शून्य होतात म्हणून मी जेवत नव्हते, आणि ज्या माणसाचा आवाज होता त्याच्यासाठी एक नियम लिहून मोकळी झाले. माझं उत्तर म्हणून तुम्ही तिला ते वाक्य वाचून दाखवलंत. दोनदा. तुमचा त्यात दोष नाही, वाक्य माझं होतं.

मी इथल्या डॉक्टरांना विचारलं, बेचाळीस दिवस आधी कळलं असतं तर? म्हणाल्या, सांगता येत नाही. आणखी दोघींना विचारलं. त्याही तेच म्हणाल्या.

प्रकल्प सोडते आहे, असं सरांना सांगितलेलं नाही. सुरू आहे असंही नाही.

समता


धाड, ३० मार्च २०२५

समता,

पत्र मिळालं. रागावलो नाही असं लिहिणार नाही. पहिले दोन दिवस तुझ्यावर रागावलो होतो. तिसऱ्या दिवशी तिच्यावर. ती पाठ करून बसायची, हे मी तुला गमतीनं लिहिलं होतं. उठून पुढं जाऊन बसलो असतो तर तिनं बोलणं थांबवलं असतं, पण तोंड पाहून मला कळलं असतं. शब्द नाही कळत, पण वाईट बातमी आहे की भांडण, एवढं तोंडावरून कळतं. मी पेपर वाचत होतो.

या गावातल्या चारशे पोरांना मी लिहायला शिकवलं. तिला दोनदा म्हणालो होतो, बस. ती म्हणाली, भाकरी करपते. तिसऱ्यांदा म्हटलं नाही. चार अक्षरं आली असती तर तिनं ओरडायची गरज नव्हती, तुझ्या मोबाईलचीही नव्हती. हे तुझ्या दुःखात भर घालायला लिहीत नाही, कमी करायलाही नाही. आहे ते लिहितो.

तू डॉक्टरांना विचारत फिरू नकोस.

‘ते घाबरतीन’ असं ती म्हणाली. खरं आहे, मी घाबरलो असतो. घाबरून सरळ बुलढाण्याला नेलं असतं.

प्रोग्रॅम घातलेला जो मोबाईल तू सारिकाकडे ठेवून गेलीस, तो ती कालपासून माझ्या हातात देते आहे. तो चालतो, ती बोलली की अक्षरं येतात. तिनं मला विचारलं, “मास्तर, जेवले का?” आणि ते तसंच उमटलं. मी जेवलो होतो. तुला कळावं म्हणून लिहिलं.

प्रकल्पाचं तुझं तू ठरव. तिनं अंगठा दिला तो तू शिकावं म्हणून, एवढं मला माहीत आहे.

मधल्या चोवीस फायली तू उतरवल्या नाहीस. त्या आता लिहून पाठवू नकोस. तुझं अक्षर मी ओळखतो, वाचताना तूच दिसतेस. मशीनकडूनही लिहून घेऊ नकोस. तू ये. तिच्या पाटावर बस, माझ्याकडे तोंड करून, आणि एकेक फाईल कानाला लावून ती म्हणाली तसंच म्हण. ‘उलीशी’ म्हणाली तर ‘उलीशी’च म्हण, ‘थोडीशी’ नको. आवाज चढवू नकोस, मला ऐकू यावं म्हणूनही नाही. जितकं हळू तिनं म्हटलं तितकंच.

किती दिवस लागतील ते लागू दे. पेपर मी बंद केला आहे. तू आलीस की दार लावून घेऊ.

इंद्रभान